कोरडी, असं लिहितो

वर्षातून चार वेळा मी विहिरींत फीत सोडतो.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.
टोकाला शिशाचा गोळा.
पाण्याला लागला की 'डुब' वाजतं
आणि त्या गावातलं माझं काम संपतं.

इगतपुरीला फीत सोडायचीही गरज नाही,
ऑक्टोबरात काठावर वाकलं की माझंच टक्कल दिसतं.
तिथं ढग म्हशींसारखे डोंगराला अंग घासतात,
आणि बरंचसं पाणी पाठ फिरवून कोकणात उतरतं.
पेठ-सुरगाण्याच्या नद्यांना नाशिक माहीतच नाही,
त्यांचं तोंड उपजत समुद्राकडे.
निफाडला फीत वर येते ती काळ्या चिखलाचे मोजे घालून.
मग सिन्नर मागं टाकून वावीच्या रस्त्याला लागलं
की ती उलगडतच राहते.
जिल्हा तोच, जीप तीच, चालक गफूर तांबोळी तोच,
फक्त तो खिडकीची काच वर करतो, धुळीमुळे.

तिकडच्या एका शाळेची विहीर माझ्यामुळे खणली.
चुन्याची फक्की माझ्या हातची.
आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग वीतभर गेरू,
मग काळा पत्थर, आणि पुढं काळा पत्थरच.
यल्लाप्पा धोत्रेला खडक आवाजावरून कळायचा.
पहार आपटून म्हणाला,
"साहेब, हा बहिरा आहे."
मी नकाशा उघडून दाखवला.
त्यानं नकाशाकडं पाहिलं
आणि विडी पेटवली.

एकसष्टाव्या फुटाला सुरुंग उडाला.
धूळ बसल्यावर खाली बॅटरी मारली, तर
भिंतीत परातीएवढं भगदाड
आणि आत हिरवे खडे,
चौकोनी, पाणीदार,
गुलाबी पापुद्र्यांच्या गादीवर बसलेले,
जसं काही कुणी मांडून ठेवून, दार लावून,
गावाला गेलं होतं.
दराडे बाई वर कळशी घेऊन उभ्या, हळदकुंकू लावलेली.
मुलं ओरडली, "लागलं का?"
खाली आम्ही पाच जण होतो.

तिसऱ्या दिवशी शहरातून व्यापारी आला.
कापसात, मग कागदात, मग गोधडीत गुंडाळून
बाळंतिणीचं मूल न्यावं तसे त्यानं ते नेले.
कुठल्या देशात कुणाच्या काचेच्या कपाटात गेले, ठाऊक नाही.
त्या पैशांत शाळेला सिमेंटची टाकी झाली.
टाकीत टँकरचं पाणी.
टँकर दारणेचा, म्हणजे इगतपुरीचाच की.

मी अजूनही मे महिन्यात तिथं फीत सोडतो.
'ठक'.
कोरडी, असं लिहितो.

निघताना यल्लाप्पानं माझ्या खिशात
एक निखळलेला गुलाबी तुकडा टाकला होता.
"विकायच्या लायकीचा नाही," म्हणाला.
एका रविवारी, ऑफिसात कुणी नसताना,
त्यातला चिमूटभर मी काचेच्या नळीत घातला
आणि खाली दिवा धरला.
दगड फुगला. त्याचे पापुद्रे सुटले,
उकळल्यासारखा थरथरला, पांढरा पडला,
आणि नळीच्या थंड गळ्याशी दव धरलं.
हे सगळे डोंगर वाहती आग होते,
त्या आगीचे बुडबुडे गोठून पोकळ्या उरल्या,
त्यांत कधीतरी पाणी शिरलं
आणि दगड होऊन बसून राहिलं,
कोट्यवधी वर्षं,
माझ्या चुन्याच्या फक्कीच्या बरोबर खाली.
म्हणजे मी अगदीच चुकलो नव्हतो.
हे कुणाला सांगणार?

नळीला बूच लावून यल्लाप्पाकडं गेलो.
तो पळशाच्या पाल्याखाली छिन्नीला धार लावत होता.
"ते तुझ्या विहिरीचं पाणी."
त्यानं नळी उजेडात धरली,
करंगळीवर तो एवढासा थेंब घेतला,
जिभेला लावला, जरा वेळ डोळे मिटून बसला.
वावीकडचं पाणी मचूळ, त्यात डाळ फुटत नाही,
हे त्याच्या घरात रोजचं.

"गोडं आहे," म्हणाला.
"शिजेल यात डाळ."